नागुबाईनं घुबडाला दिलेलं नाव

मी एक जुना पंखा हाय मित्रांनो, लातूरच्या तुरीच्या गोदामातला. गोदाम एवढं उंच, की वर बघणाऱ्याची टोपी मागं पडायची. माझ्या वाऱ्यानं एकदा आडत्याचं धोतर उडालं, ते पार नायगावच्या बाभळीवर घावलं. खोटं वाटत आसंल तर बाभळीला विचारा.

पण एक दिवस आठवला की माझी पाती अजून थरथरत्यात.

लातूर नवा जिल्हा झाला तवाची गोष्ट. पावसाचा पत्ता न्हाई, हिरी आटलेल्या. गोदामातल्या पाण्याच्या पिपाकडं एक तहानलेलं घुबड आत शिरलं. तूर निवडणाऱ्या बाया बघून बिचकलं आन् उडालं वर, माझ्याकडंच. मी तर गरागरा फिरत व्हतो. माझी पाती म्हंजे कोयतेच. मला थांबता येईना, वरडता येईना.

माझं बटन अंगणापलीकडच्या खोलीत. तिथं व्यंकटी, तूर निवडणाऱ्या नागुबाईचा नवरा. नावानं हाक मारली तरच ऐकणारा गडी. पण घुबडापुढं नाव कोण घेणार? आमच्याकडं म्हणत्यात, घुबडानं नाव ऐकलं की ते रोज घोकतं आन् तो माणूस झिजून मरतो.

"बंद करा," सरजाबाई वरडली. बाहेरच्या हमालानं दारच बंद केलं.

"अवं," नागुबाईनं खिडकीतून हाक दिली. अंगणातले सगळे नवरे वळले, व्यंकटी सोडून.

घुबड आंधळ्यावानी गिरक्या घेत पार जवळ आलं. तवा नागुबाईनं टाहो फोडला, "नागुबाईला करंट लागला! बटन बंद करा!"

करंट तुटला. पण मी लगेच कसा थांबू? एक पीस कापलं गेलं. मी डोळे मिटले. मला डोळे न्हाईत, तरी मिटले. थांबलो, तर घुबड माझ्याच पात्यावर थरथरत बसलेलं.

व्यंकटी दार ढकलून धापा टाकत आला. "जित्ती हायस?"

"मग? तुमाला न विचारता मरते व्हय?"

बाया भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. घुबड उघड्या दारातनं आवाज न करता गेलं.

"बाई," सरजाबाई हळूच म्हणाली, "तुझं नाव ऐकलं की गं त्यानं."

नागुबाईचं तोंड उतरलं. सांजंला अंगणातल्या कडुलिंबावरनं घूत्कार आला आन् सगळ्यांचे हात सुपातच थांबले. नागुबाई दारात गेली, पदर खोचला आन् म्हणाली, "ओ. बोल, काय काम हाय?"

आता मी गंजलोय. गोदामानं फेकलं, नागुबाईनं घरी आणलं. माझ्यावर कोंबड्या बसत्यात. ती पणतवंडं खेळवते, आन् कुठल्याबी लिंबावरनं घुबडाची हाक आली की अजून ओ देते.

मित्रांनो, बटन दाबायच्या आधी एकदा वर बघत जा. आपलं नाव देणारी नागुबाई दर येळी घावत न्हाई.