ओल्या चिमणीचं यंत्र

पाळी गावच्या लोकांनी कारखान्याच्या फाटकासमोर तीन दिवस ठाण मांडलं तेव्हा कंपनी एकदाची नमली. चिमणीतून किती धूळ बाहेर पडते ते सतत मोजणारं यंत्र बसवायचं आणि त्याचा आकडा फाटकावरच्या बोर्डावर दाखवायचा, असं ठरलं. यंत्र मात्र गुरुदासनेच निवडावं, असा गावाने हट्ट धरला. गुरुदास गावातलाच, कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढलेला. त्याची थोरली वहिनी सुलोचना गावची अंगणवाडी चालवायची. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्या भावजींनी सांगलेलो आकडो आमी मानतलों."

गुरुदासने दोन आठवडे जीव ओतून काम केलं. चिमणीत जाण्याआधी धूर पाण्याच्या फवाऱ्याखालून जायचा, म्हणून तो ओला असायचा. खरी अडचण तीच होती. आरपार प्रकाश टाकून मोजणारं यंत्र पाण्याच्या थेंबांनाही धूळच समजणार. धुळीच्या कणांवरची वीज टिपणारी सळई कोरड्या धुराला उत्तम, पण ओल्या धुरात तिच्यावर चिखलाचा थर बसणार आणि मग ती काहीबाही सांगणार. तिसरं यंत्र धूर नळीने ओढून घ्यायचं, तापवून कोरडा करायचं आणि मग मोजायचं. तेच हवं, असं त्याने कारणांसकट लिहून दिलं.

प्लांट मॅनेजर गोकुळदास यांनी कागद शांतपणे वाचला.

"बरोबर आहे तुझं. पण हे यंत्र यायला चार महिने. प्रदूषण मंडळाने महिनाअखेरची मुदत दिली आहे. सळई उद्या मिळते."

"साहेब, ती ह्या चिमणीत चालायची नाही."

"आत्ता बसवू, पावसाळ्यानंतर बदलू. शब्द देतो."

गुरुदासने सळईच्या मागणीपत्रावर सही केली. साहेबांनी शब्द दिला होता, आणि त्यांच्याशी वाद घालायची सवय त्याला एकवीस वर्षांत लागली नव्हती.

बोर्ड लागला त्या दिवशी गावाने नारळ फोडला. आकडा आला अठ्ठावीस; परवानगी पन्नासपर्यंतची. आठवड्याने पाहिलं तरी अठ्ठावीस, कधी सत्तावीस. भट्टी पूर्ण जोरात चालली तरी तेवढाच. सळईवर थर बसला हे गुरुदासला तेव्हाच कळलं. तो दर सोमवारी वर चढून ती पुसायचा. दोन दिवस आकडा हलायचा, मग पुन्हा जागच्या जागी. पावसाळा गेला, दिवाळी गेली. यंत्र बदलायचं नाव कोणी काढलं नाही. तोही गप्पच राहिला.

डिसेंबरात एका सकाळी सुलोचना फाटकावर आली. हातात ओलं फडकं होतं, काळंकुट्ट.

"भावजी, काल सांजे अंगणवाडींतले बांक पुसून गेल्लें. आज सकाळीं हें. बोर्डार अठ्ठावीस, मग हें खंयचें?"

"बघतो," एवढंच तो म्हणाला.

त्याच दुपारी तो चिमणीवर चढला. जुन्या पद्धतीने धूर कागदी गाळणीतून ओढला, गाळणी वाळवली, तोलली. दोनशे बारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. एकशे अठ्ठ्याण्णव. कोणाला न विचारता त्याने ते आकडे आपल्या सहीनिशी मंडळाला पाठवले.

उत्तर आलं ते असं, की कंपनीच्या माणसाने घेतलेला नमुना ग्राह्य नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा येऊन तपासेल. तारीख कारखान्याला आधीच कळवली होती. त्या दिवशी भट्टी अर्ध्यावर चालली आणि आकडा आला एकेचाळीस. अहवालात लिहिलं गेलं : यंत्र समाधानकारक. पुढच्या सोमवारी गुरुदासची बदली वजनकाट्यावर झाली. प्रयोगशाळेची किल्ली गोकुळदासांनी स्वतः मागून घेतली. ते रागावले नव्हते. थकलेले दिसत होते.

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ती तांदूळ निवडत होती.

"कधीपासून खबर आशिल्लें तुमकां?" तिने विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून."

तिचा हात थांबला. "वीस भुरगीं बसतात अंगणवाडींत, भावजी. आवय-बापूय येवन विचारतालीं, आनी हांव सांगतालें, आमच्या भावजींचें यंत्र आसा, भियेवं नाकात."

ती ओरडली असती तर त्याला सोसलं असतं.

खरा आकडा गावभर झाला आणि संक्रांतीपर्यंत अंगणवाडीत सहाच मुलं उरली. मग देवळाच्या मंडपात गावाची सभा झाली. गुरुदास उभा राहिला. सळई का चुकते, कोणतं यंत्र मागायचं, तपासणी न कळवता कशी करवून घ्यायची, सगळं त्याने कागदावर मांडून आणलं होतं. यापेक्षा स्पष्ट तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"आनी एक यंत्र?" मागून कोणीतरी म्हणालं. "आनी तेंय तूंच निवडतलो?"

कोणी हसलं नाही. माणसं एकेक करून उठू लागली, चपला शोधू लागली. सुलोचना बसून होती, पण तिची नजर जमिनीवर होती. गुरुदासने उरलेली दोन पानं वाचून संपवली. तोवर मंडपात सातजण राहिले होते, आणि त्यांतल्या कोणीही काही विचारलं नाही.