अप्पांचा हुंकार

अप्पा ऐकू लागले की त्यांची मान उजवीकडे कलत असे, पापण्या अर्ध्या मिटत, आणि चेहऱ्यावर वारा पडल्यावरच्या तळ्याची निश्चलता पसरे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स गाडीत बसण्याआधी माझ्या या वडिलांपुढे फिरवून पाहिला जाई. भोवती यंत्रांचा कल्लोळ चाललेला असे. पण त्यातूनही त्या एका गिअरबॉक्सच्या पोटातल्या एखाद्या दात्याची कुरकुर त्यांना वेगळी ऐकू येई. मीटरवरचा आकडा निर्दोष असला तरी ते मान हलवून तो नग बाजूला काढत, आणि उघडल्यावर दात्यावर केसाएवढी चीर सापडे. बीडकडच्या खेड्यातून आलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचा तो कान होता, आणि त्याचा अभिमान त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

पहिली शिफ्ट संपवून ते चिखलीतल्या आमच्या दोन खोल्यांत परतत, तेव्हा खिडकीतले ऊन कलून ओट्यापर्यंत आलेले असे. आई चहा पुढे ठेवी आणि बोलू लागे. सोसायटीचे न आलेले पाणी, गावाकडच्या बहिणीचा फोन, दुखरा गुडघा, समोरच्या गच्चीवर कुणी लावलेला मोगरा. दिवसभर घरात एकटीच्या मनात साचलेले ते सारे ती त्यांच्यापुढे ओतत राही, आणि अप्पा बशीतल्या वाफेकडे पाहत ठरावीक अंतराने म्हणत, “हं.” त्या हुंकारात होकार नसे, नकार नसे. कुलूप लावलेल्या दारावर कुणी हात ठेवावा, तसा तो असे.

एकदा आईनेच हट्टाने त्यांना चिंचवडला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. मीही सोबत होते. कानांवर यंत्र चढवून, अगदी क्षीण होत गेलेले स्वर ऐकवून डॉक्टरांनी तपासले आणि हसून म्हणाले, “काकू, कान ठणठणीत आहेत यांचे. आवाज कानात जातात सगळे. पण मन एका वेळी थोडंच आत घेतं. हे दिवसभर जीव कानात आणून बसतात. घरी येईस्तोवर लक्ष दमून जातं.”

“म्हंजी मशिनीचं ऐकू येतंय, अन् माझंच न्हाई?” आई म्हणाली, आणि स्वतःच हसली. परतीच्या बसमध्ये मात्र ती सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होती. त्यानंतर ती बोलायची थांबली नाही. फक्त उत्तर येईल म्हणून मध्ये थांबायची, ते थांबणे तिने सोडून दिले.

माघातली ती सकाळ होती. इंद्रायणीकडून आलेल्या धुक्यात समोरच्या इमारतीचे वरचे मजले पुसून गेले होते. कंपनीच्या बसची वेळ झालेली. अप्पा दारात बसून बूट घालत होते. आई डबा घेऊन आली आणि त्यांना काहीतरी म्हणाली. “हं,” म्हणून ते जिना उतरले. तासाभराने मीही ऑफिसला गेले. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना आई कोसळली. शेजारच्या काकूंनी दवाखान्यात नेले, पण तिथे पोचण्याआधीच हृदय थांबले होते. कारखान्यात अप्पांना निरोप द्यायला सुपरवायझर गेले तेव्हा, मान कलती ठेवूनच त्यांनी हात वर केला म्हणे. जरा थांबा, एवढा ऐकून होऊ द्या.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. एका दुपारी, आवरलेल्या घरात, अप्पांनी मला विचारले, “पोरी, त्या दिवशी मी निघताना ती काय म्हणली व्हती गं? तू तर घरातच व्हतीस.”

मी घरातच होते. आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ पाहत होते. आईचा आवाज माझ्यापर्यंत आला होता. त्याचे चढणे, उतरणे, शेवटी किंचित लांबणे मला आजही जाणवते. पण त्यात शब्द नाहीत. भिंतीपलीकडच्या नळासारखा तो आवाज वाहून गेला होता.

“वेळेवर जेवा, म्हणाली,” मी सांगितले.

अप्पांची मान उजवीकडे कलली. पापण्या अर्ध्या मिटल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला तसे ऐकत होते, आणि त्या ऐकण्यापुढे मी पारदर्शक होत गेले.

“न्हाई,” ते हळूच म्हणाले. “तुझा आवाज हलला.”

मग मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. रिकाम्या ओट्याकडे पाहत म्हणाले, “दोघं जण व्हतो की घरात. अन् ती एकलीच बोलत व्हती.”

महिनाभराने त्यांनी स्वतः साहेबांना भेटून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. गिअरबॉक्स फिरू लागला की मन भलतीकडेच कान लावते, एखादा सदोष नग हातून सुटायचा, एवढेच त्यांनी सांगितले. आता ते खोकी मोजतात. संध्याकाळी आम्ही समोरासमोर जेवतो, एकमेकांना काही सांगतो, नीट ऐकतोही. पण ज्या आवाजासाठी हे ऐकणे होते, तो आता घरात नाही. मागे एकदा जेवताना ते म्हणाले, की पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका मशीनचा सूर त्यांच्या कानात अजून वाजतो, पण आईचा आवाज आठवायला गेले तर नुसते ओठ हलताना दिसतात. मी त्यांच्या पानात भाजी वाढली. काळ आपल्याकडून माणसे हिरावून नेतो, असे आपण म्हणतो, आणि उरलेल्या आठवणींशी बसून रडतोही. पण जे आपण कधी मनात घेतलेच नाही, त्याच्या नसण्याचा शोक कुठल्या आठवणीजवळ बसून करायचा?