बुंध्याशी पाणी

"अण्णा, नळी खाली ठेवा आधी!"

सूनबाई हातातली बादली टाकून धावली, तोवर सासऱ्यांनी मोसंबीच्या बुंध्याशी चांगलं डबकं करून ठेवलं होतं. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून तिनं काल कंबर मोडेस्तोवर मातीचा चढ केला होता. अण्णांनी तो कुदळीनं सपाट केला होता, अगदी मन लावून.

"तहानलंय गं ते," अण्णा म्हणाले. "पाणी तोंडाशी द्यावं लागतं."

"झाड बुंध्यानं पाणी पीत नाही. लांबच्या मुळांनी पितं. किती वेळा सांगू?"

"कधी सांगितलंस?"

तिनं नळ बंद केला.

बागेत डिंक्या शिरला होता. ही बुरशी ओल्या मातीत राहते, पाण्याबरोबर शेजारच्या झाडाकडे जाते आणि बुंध्याची साल कुजवते. मग सालीतून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळतं. उपाय करणं कठीण नव्हतं, पण संपत नव्हतं. कुजकी साल चाकूनं खरवडायची, मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप ब्रशनं लावायचा, बुंधा कोरडा ठेवायचा आणि पुढच्या झाडाशी जाऊन बसायचं. तिचं मनगट कळा मारत होतं, नखं निळी झाली होती आणि इकडे सासरे बुरशीचा पाहुणचार करत होते.

नवरा शहरात नोकरीला होता. फोनवर म्हणाला, "घरात बसवून ठेव ना त्यांना."

"तुम्ही या आणि बसवा."

सासूबाई गेल्यापासून अण्णांना वार आठवत नसे, जेवलो की नाही तेही आठवत नसे. झाडांना पाणी द्यायचं, एवढंच आठवे. तेवढंही काढून घेतलं तर त्यांच्याकडे काय उरणार, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नळी लपवली. अण्णा स्वयंपाकघरातलं पातेलं भरून घेऊन आले. मग मात्र तिचा तोल गेला.

"मारताय तुम्ही झाडं! स्वतः लावलेली झाडं स्वतःच्या हातानं मारताय!"

अण्णांनी पातेलं खाली ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. मांडीवर ठेवत, पुन्हा उचलत. तिला स्वतःची लाज वाटली.

उन्हं कलल्यावर ती त्यांना हाताला धरून बागेच्या पार खालच्या टोकाला घेऊन गेली. तिथलं शेवटचं झाड निष्पर्ण उभं होतं.

"हे तुमचं," ती म्हणाली. "याला पाणी तुम्ही द्यायचं. बाकीच्यांचं मी बघते."

अण्णांनी झाडाभोवती फेरी मारली. नखानं साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. मग त्यांनी जमिनीचा उतार बघितला. पलीकडे नुसता नाला होता. वार विसरला तरी पाणी कुठून कुठे जातं, हे तो माणूस विसरला नव्हता.

"इथलं पाणी दुसऱ्या झाडाला जाणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

ती थाप मारायचं ठरवून आली होती. ते काही जमलं नाही. "नाही जाणार, अण्णा."

"बरं केलंस." नखातली साल झटकत म्हणाले, "उद्या मी विसरेन गं. मला इथंच आणून सोडत जा."

सकाळी ते पुन्हा वरच्या झाडांकडे निघाले होते. तिनं हात धरला आणि खालच्या टोकाला आणलं. अण्णांनी झाडाकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. भोवती फेरी मारली, नखानं साल खरवडली, उतार बघितला. ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि नळीसाठी हात पुढे केला.