सरळ घरी जायचं नाही

बहारीनचा पाऊस वर्षातून चार-पाच दिवसच येतो, पण येतो तेव्हा पार लाज काढतो. पाण्याला जायला वाट म्हणून नाही. तासाभरात उम्म अल हस्समच्या गल्ल्यांत घोट्याच्या वर पाणी! त्या पाण्यातून चपला हातात घेऊन मार्सेलिना चालली होती आणि मनात एकच घोकत होती, आज सांगायचं. काहीही होवो, आजच सांगायचं.

सांगायचं होतं तेरेसिताला. ती दोन पावलं पुढे चालली होती, काळ्या कपड्यांत, पाठ वाकवून. अरादच्या एका घरात पोरं सांभाळणारी, पन्नाशी उलटलेली फिलिपिनो बाई. तिची धाकटी बहीण मारिविक मार्सेलिनाच्या वॉर्डात अटेंडंट होती. गेल्या आठवड्यात रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही, झोपेतच हार्ट अटॅक. चव्वेचाळिसाव्या वर्षी, तीन पोरं मागे ठेवून. आज संध्याकाळी शवागारापाशी प्रार्थना झाली. उद्या सकाळच्या विमानाने पेटी जाणार होती, आणि पेटीबरोबर तेरेसिताही. ती काही परत येणार नव्हती.

प्रार्थना संपल्यावर मार्सेलिना टॅक्सी शोधायला लागली, तर तेरेसिताने तिचा दंडच धरला.

"सरळ घरी जायचं नाही," ती म्हणाली. "आमच्यात मेलेल्या माणसाला बघून कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठंतरी बसायचं, दोन घास खायचे. नाहीतर ते माणूस पाठोपाठ घरात येतं. तुझ्या घरात लेकरू आहे, मार्सी."

मार्सेलिना वसईची. तिच्या गावीही मयतावरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तेव्हा हसण्यासारखं त्यात तिला काही वाटलं नाही. तिने सनदला घरी नवऱ्याला, ब्लेझला, फोन केला, "तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल."

गल्लीच्या टोकाला पाच टेबलांची फिलिपिनो खानावळ होती. शिफ्ट सुटलेल्या लोकांसाठी रात्री दोनपर्यंत उघडी. तेरेसिताने विचारलं नाही, सवरलं नाही, दोन वाडगे मागवले. आरोस काल्दो. म्हणजे आपली पेजच हो, फक्त कोंबडी घालून शिजवलेली, आल्याचा सणसणीत वास असलेली, वर तळलेला लसूण आणि अर्धं उकडलेलं अंडं. सातशे फिल्समध्ये पोट भरतं, आणि भिजून कुडकुडत आलेल्या माणसाला आईच्या हातचं खाल्ल्यासारखं वाटतं.

वाडगा समोर आला आणि त्या वासासरशी मार्सेलिनाने तो लांब सारला.

का सारणार नाही? त्या गुरुवारी रात्री नऊला शिफ्ट सुटली. कपडे बदलायच्या खोलीत मारिविक बाकावर बसून होती, कपाळावर घाम. "मार्सी, छातीत जळजळतंय गं. डावा हात पण जड झालाय." एकोणीस वर्षं नर्सिंग केलेली बाई मार्सेलिना! डावा हात, घाम, छाती. शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. पण खाली स्टाफ बसचा ड्रायव्हर हॉर्न मारत होता, घरी लेकीला, हॅझेलला, ताप होता, आणि ही मारिविक तर काय, रोजच कुरकुर करायची, कधी कंबर, कधी गुडघा. "अॅसिडिटी असेल," बॅगेची चेन ओढत मार्सेलिना म्हणाली. "आल्याची पेज करून खा आणि गप झोप." मारिविक हसली. "येस, डॉक्टर," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे विचारत होते, काही म्हणाली होती का ती? मार्सेलिनाने मान हलवली. नाही. काहीच नाही. एकदा नाही म्हटलं आणि मग आठवडाभर मूग गिळून बसली.

"खा ना," तेरेसिता म्हणाली. तिने स्वतः चमचा उचलला नव्हता. "तुला एक सांगते, मार्सी. कुणाला सांगितलं नाही मी. त्या रात्री साडेनऊला तिने मला फोन केला होता. मी पोरांना आंघोळ घालत होते. म्हटलं, करू मग. आणि विसरले गं, साफ विसरले! मी फोन उचलला असता तर तिला म्हटलं असतं, हॉस्पिटलात जा. आहेस तशी जा." तिचा आवाज फुटला. "आता तिच्या पोरांना काय तोंड दाखवू? तुमची आई माझ्यामुळे गेली म्हणून सांगू?"

मार्सेलिनाला गप्प बसणं सोपं होतं. उद्या ही बाई विमानात बसेल, खलास, कुणाला कधी कळणार नाही. आणि ही मरेपर्यंत त्या फोनच्या नावाने रडत राहील.

"आणि मला एक कळत नाही," डोळे पुसत तेरेसिता म्हणाली. "तिच्या उशाशी पेजेचा वाडगा होता, अर्धा खाल्लेला. रात्री कधी जेवायची नाही ती. छातीत दुखत असताना बाई आलं किसत बसते का कधी?"

"मी सांगितलं होतं."

तेरेसिताने मान वर केली.

मग मार्सेलिनाने सगळं सांगितलं. घाम, हात, बस, हॅझेलचा ताप. काही लपवलं नाही. बाहेर पाऊस पत्र्यावर नुसता ताडताड वाजत होता. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणे. कसलं डोंबलाचं हलकं!

तेरेसिताने एवढंच विचारलं, "ईसीजीचं मशीन किती लांब होतं?"

"दहा पावलं."

"दहा पावलं," तेरेसिता म्हणाली. मग अगदी हळू, स्वतःशीच, "म्हणजे माझ्यामुळे नाही." आणि तोंडावर पदरासारखी ओढणी दाबून ती घळाघळा रडली. मार्सेलिनाने हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

रडणं ओसरल्यावर तिने मार्सेलिनाच्या पुढचा वाडगा उचलला आणि आपल्याकडे ओढून घेतला. चमचाही काढून घेतला.

"तू खाऊ नकोस."

"आते..." मारिविक तिला हाक मारायची तशी, ताई म्हणावं तशी, मार्सेलिनाने हाक मारली.

"ऊठ. सरळ घरी जा," तेरेसिता म्हणाली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. "वाटेत कुठे थांबू नकोस. पाणीसुद्धा पिऊ नकोस."

मार्सेलिना उठली. टॅक्सीवाल्याने पेट्रोल भरायला थांबू का विचारलं, तर तिने नको म्हटलं. सनदपर्यंत तिने एकदाही मागच्या सीटवर आपल्या बाजूला पाहिलं नाही.

ब्लेझने दार उघडलं. "अगं, केवढी भिजलीस! काही खाल्लंस का?"

"नाही."

"मग आत ये की. दार लाव, पाणी घरात येतंय."

आत येऊनही तिने दार उघडंच धरलं. सोफ्यावरून हॅझेलने मान उंचावून पाहिलं. "मम्मा, इज समबडी विथ यू?"

मार्सेलिना भिंतीला चिकटून बाजूला सरली, एक माणूस आत जाईल एवढी वाट दिली, आणि मगच दार लावलं.