सासूबाईंची मूठ

पांढऱ्या चादरीवर रक्ताचा ठिपका उमटला तर लॉन्ड्रीत त्याला डाग म्हणत नसत. 'फूल पडलं' म्हणत. त्या आठवड्यात धाकटीच्या टेबलावर तीन फुलं पडली आणि तिन्ही शिट्टीच्या नजरेला पडली. शिट्टी म्हणजे घड्या खात्याची मुकादम. तिच्या गळ्यात खरीखुरी शिट्टी लटकत असे, पण ती फुंकायची वेळ कधी येत नसे. मुळातला आवाजच पुरेसा होता.

"हात दाखव."

धाकटीने हात पुढे केले. तळव्यांवर आणि पेरांवर भेगा होत्या, दोन-तीन तर इतक्या खोल की मूठ मिटली की उघडायच्या. चौदा वर्षं साबणाच्या वाफेत आणि कडक वाळलेल्या कापडात काम केल्यावर याहून वेगळं काय होणार?

"हातमोजे घालते," धाकटी म्हणाली.

"आणि मोज्यांतून चादर निसटली की पाय लावून धरतेस? बघितलं मी गेल्या महिन्यात. पंधरा दिवस देते. सोळाव्या दिवशी एक जरी भेग उघडी दिसली, तर घरी बस. दवाखान्याच्या चादरी आहेत बाई, गंमत नाही."

डॉक्टरांच्या दोन ट्यूब संपल्या होत्या. तिसरी देताना डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस साबणात हात घालू नका. म्हणजे काही दिवस जेवू नका, असंच म्हणा ना! नवरा लांबच्या ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी असायचा आणि तेवढे दिवस नुसता झोपायचा. हातांची काळजी ज्याची त्यालाच करायची होती.

सासूबाई होत्या तोवर मात्र हे हात असे नव्हते. सासूबाई राळेचं मलम करायच्या. तिळाचं तेल, मेण, राळ आणि कापूर, बस्स. निजताना ते हातांना चोळायचं, वरून जुने पायमोजे चढवायचे आणि सकाळी धुऊन टाकायचं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटची तीन वर्षं त्यांना उठवलं, शेगडीपाशी नेऊन बसवलं, न्हाऊ घातलं ते धाकटीनं. आणि मलमाची वही गेली वरच्या मजल्यावर, थोरल्या जावेकडे. या एका गोष्टीने धाकटीच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो वर्षभर थंड झाला नव्हता.

थोरली काही वाईट बाई नव्हती, असं शेजारी म्हणायचे. शेजाऱ्यांना काय जातंय म्हणायला! थोरली वरच्या मजल्यावर वर्ग घ्यायची: 'जगभरचे घरगुती उपाय'. भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यात रंगीत टाचण्या. इथल्या बायका तांदळाच्या धुवणाने केस धुतात, तिथल्या अंगाला ज्वालामुखीची माती फासतात, आणखी कुठे बर्फाच्या मुलखात बाया-बाप्ये गरम खोलीत बसून झाडाच्या डहाळ्यांनी एकमेकांना झोडपतात. हे शेवटचं ऐकलं तेव्हा धाकटीला वाटलं होतं, यासाठी बर्फाच्या मुलखात कशाला जायला हवं, मी आहे की तळमजल्यावर.

आणि त्या नकाशात, आपल्याच घराच्या जागी, सगळ्यात मोठी लाल टाचणी होती. तिच्याखाली थोरलीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आमच्या सासूबाईंचं मलम.

वर्षभरात थोरलीने त्या मलमाच्या दोन डब्या खाली पाठवल्या होत्या. दोन्ही दगडासारख्या कडक. नखाने खरवडून लावावं तर भेगांत मिरची भरल्यागत आग व्हायची. धाकटीची खात्री होती की हे मुद्दाम आहे. चांगलं मलम वर्गातल्या बायकांना आणि आपल्याला पातेल्याची खरवड.

पण आता पंधराच दिवस होते. पहिले तीन तिने राग गिळण्यात घालवले. चौथ्या दिवशी गिळलेला राग वर आला आणि त्याच्यामागोमाग ती जिना चढली.

वर्ग भरलेला होता. आठ बायका तोंडाला हिरवी माती फासून बसल्या होत्या. थोरली वाटीत मध घोटत होती.

"मलम पाहिजे मला," धाकटी दारातूनच म्हणाली. "खरं मलम. तुम्ही मला पाठवता ते नाही."

"वर्ग चालू आहे गं. संध्याकाळी ये."

"संध्याकाळी कशाला? यांनापण कळू दे ना. सख्ख्या जावेला भेसळ करून देता आणि इथे सासूबाईंच्या नावाने टाचण्या टोचता!"

आठ हिरवी तोंडं तिच्याकडे वळली. माती वाळलेली असल्यामुळे कुणाला आश्चर्य दाखवता येईना. थोरलीने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"भेसळ? मी?"

"मग काय आपोआप दगड होतो त्याचा?"

थोरली आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज झाला आणि ती वही घेऊन बाहेर आली. तिने ती हातात दिली नाही. फेकली. वही धाकटीच्या पायांशी पडली.

"वाच! आईंच्या हातचं आहे. एक अक्षर जरी मी बदललं असेल तर हात झडतील माझे. वाच आणि चालती हो!"

धाकटी खाली वाकली. सासूबाईंचं किरटं, उजवीकडे कललेलं अक्षर: तेल एक तांब्या. मेण दोन मुठी. राळ एक मूठ. उतरवल्यावर कापूर अर्धी मूठ. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित: हात थांबवू नये.

तिने मोबाइलवर फोटो काढला, वही उंबऱ्यावर ठेवली आणि खाली आली. माफी मागायचं तिच्या मनातही आलं नाही. उलट, वहीत एक आणि करताना एक, असं करायला कितीसा वेळ लागतो, हेच ती जिनाभर पुटपुटत होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने सगळं सामान मांडलं आणि वहीबरहुकूम मलम केलं. मूठ म्हणजे मूठ. गार झाल्यावर बोट घातलं तर बोट आत जाईना. कसंबसं खरवडून हाताला लावलं आणि पुढची दहा मिनिटं ती मोरीत नळाखाली हात धरून उभी होती. आग तीच. दगड तोच. थोरलीच्या डबीतला.

म्हणजे थोरलीने काहीच केलं नव्हतं. आठ बायकांसमोर जिला भेसळखोर म्हटलं तिने वहीत होतं तेच, तसंच केलं होतं. धाकटीला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून थोरलीचा आणखी राग आला.

संध्याकाळी तिने पुन्हा तेल चढवलं. दुपारसारखं मेण-राळ आधीच मुठींनी मापून बाजूला ठेवण्याऐवजी या वेळी सगळं वाटग्यांतच ठेवलं, सासूबाई ठेवायच्या तसं. मेण विरघळलं. उजव्या हाताने ती ढवळत होती. हात थांबवायचा नव्हता, थांबला की राळ तळाला धरते. तिने राळेसाठी डावा हात वाटग्यात घातला, मूठ भरली आणि तिथेच थबकली.

डावा हात.

उजवा ढवळण्यात अडकलेला. म्हणजे सगळं घालायचं ते डाव्याने. आणि सासूबाईंच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती, तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. लहानपणीच कुठल्याशा यंत्रात गेली होती. चारचौघांत तो हात शालीखाली असायचा. बाहेर यायचा तो फक्त शेगडीपाशी. धाकटी शेजारी उभी राहून वाटगे पुढे करायची. मूठ भरली की निम्मी राळ त्या रिकाम्या जागेतून परत वाटग्यात सांडायची. हे तिने शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

तिने मूठ उघडली. दोन बोटं तळव्याशी घट्ट दुमडली आणि उरलेल्या तिन्हींत मावली तेवढीच राळ उचलली. तेलाला तो जुना वास सुटला. पातेलं हलवता हलवता तिला रडू आलं, ते तिने धुरावर ढकललं, धूर नसताना.

मेण आधीच भरल्या मुठींनी पडून जास्त झालं होतं खरं, पण त्यावर आणखी तेल ओतून तिने निभावलं. ते लावायला लागल्यापासून चौथ्या दिवशी भेगा मिटल्या, नवव्या दिवशी नवी कातडी धरली. मुदतीच्या सोळाव्या दिवशी शिट्टीने तिचे हात उलटे केले, सुलटे केले, बोटं फाकवून पाहिलं आणि "हं" म्हणाली. शिट्टीकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

त्याच संध्याकाळी थोरली जिना उतरून आली. वर्षभरात पहिल्यांदाच. हातात पिशवी आणि पिशवीत सहा डब्या.

"वर्गातल्या बायकांनी परत आणून दिल्या," ती दारातच म्हणाली. "तू भेसळ म्हणालीस ना, त्यामुळे सगळ्यांना धीर आला. वर्षभर आग सोसून गप्प होत्या म्हणे, माझ्या सासूचं नाव होतं म्हणून." तिची नजर धाकटीच्या हातांवर गेली आणि तिथेच राहिली. "काय घातलंस तू?"

"वहीत आहे तेच."

"खोटं बोलू नकोस. मी वहीबरहुकूमच करते."

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली. माफी याहून जवळ येणार नव्हती. "तुम्ही कधी आईंच्या शेजारी उभ्या होता का, मलम करताना? एकदा तरी?"

थोरलीने पिशवी खाली आदळली.

"उभी? मला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला का त्यांनी? तुझा हात जड, तू बाहेर बस, धाकटीला पाठव. लग्न होऊन आल्यापासून हेच! ती वहीसुद्धा काही प्रेमाने दिली नाही. भांडून घेतली मी, त्या आजारी असताना. लाज वाटते सांगायला. आणि तू म्हणतेस उभ्या होता का!"

वर्षभर तिने वहीसाठी दात-ओठ खाल्ले होते. शेगडीशेजारची ती जागा कुणी मागत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला ती जागा म्हणजे राबणं वाटायचं.

"आता हसशील," थोरली म्हणाली. "हस. वर जाऊन ती टाचणी काढून टाकते."

ती वळली. धाकटीने तिचा डावा हात मनगटाशी पकडला आणि खसकन स्वतःकडे ओढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात दाबून दुमडलं, इतक्या जोरात की पेरं वाजली.

"एवढी," ती म्हणाली. "एवढीच मूठ. उजव्या हातात ढवळायचा डाव असायचा."

थोरली त्या अर्ध्या हाताकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिला तो ओळखू आला.

"सोड," ती म्हणाली. "दुखतंय."

"दुखू दे," धाकटी म्हणाली आणि तिने हात सोडला नाही.