पोटातला भुसा

मी एक जुनी मोटार आहे. पांढरी, डाव्या दारावर पोचा असलेली. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता आणि मी तो घेतला.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नुसती चकाकत होते. माझे पहिले मालक शाळामास्तर. ते वेळेवर तेल बदलत आणि चढ संपला की "शाबास" म्हणत. ते गेले आणि त्यांच्या मुलांनी मला जुन्या गाड्यांच्या दलालाला विकले. माझा गिअरबॉक्स तेव्हा कुरकुरत होता. दुरुस्ती राहिली बाजूला, दलालाने त्यात चक्क लाकडाचा भुसा कोंबला! आवाज बंद झाल्यावर माझ्या टपावर थाप मारून तो हसला, "म्हातारी आता तोंड उघडत नाही." तेव्हाच मी मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे एक नर्स आणि तिच्या सासूबाई आल्या. सासूबाईंना सारखे डायलिसिसला न्यावे लागे. घरातली सगळी शिल्लक माझ्यावर लागणार होती.

"ताई, थोडे जास्त द्या, वर्षभराची वाढीव वॉरंटी देतो," दलाल म्हणाला. "माझ्या दुकानाची. बिघडलं तर खर्च माझा."

"आई, घ्यायची का? की उगीच पैसे पाण्यात?" नर्सने सासूबाईंना विचारले.

सासूबाईंनी चष्मा लावून कागद वाचला. "यात गिअरबॉक्स धरलेला नाही."

"आजी, तो कधी बिघडतच नाही. त्याचे पैसे कशाला घेऊ तुमच्याकडून?"

"बिघडतच नाही ना? मग लिहून द्यायला तुमचं काय जातं? लिहा, लगेच घेतो."

बाकीची गिऱ्हाइके कान टवकारून ऐकत होती. दलालाला लिहून द्यावेच लागले. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मी दुसऱ्याच दिवशी रस्त्यात बसकण मारू शकले असते. पण मागच्या सीटवर हाताला पट्टी बांधलेल्या सासूबाई असत. दलालाचा राग त्यांच्यावर का काढायचा? मी कळ सोसली, त्यांची एकही फेरी चुकवली नाही. काही महिन्यांनी भुसा तेलात भिजून तळाला बसला, मी पुन्हा कुरकुरू लागले. सुट्टीच्या दिवशी दोघी मला दलालाकडे घेऊन गेल्या. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले होते. मी बरोबर त्याच्या फाटकात गिअरबॉक्स बंद पाडला. ना गाडी आत, ना बाहेर!

दुकानातल्या मेकॅनिकने तिथेच तो उघडला. काळ्या तेलाबरोबर भुशाचा लगदा फरशीवर पडला.

"अहो, हा सुताराचा माल यात कसा?" एका गिऱ्हाइकाने विचारले. दलाल पायाने लगदा बाजूला सारू लागला.

"बिघडत नाही म्हणाला होतात ना?" सासूबाई म्हणाल्या. "आता नवा बसवा. लिहून दिलंय तुम्ही."

दलालाला नवा गिअरबॉक्स बसवून द्यावाच लागला. गिऱ्हाइके एकेक करून निघून गेली. मला फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, गाडीची कुरकुर वेळीच ऐका, तिचे तोंड बंद करू नका. वॉरंटी घ्यावी की नाही हे ठरवताना विकणाऱ्याने काय वगळले आहे ते आधी बघा. त्या फाटकावरून जाताना सासूबाई अजूनही म्हणतात, "जरा सावकाश घे गं." दलाल रिकाम्या दुकानातून बघत असतो. मग मी गिअर बदलते. जराही आवाज होत नाही, आणि आता पोटात भुसाही नाही.