फिल्बर्टकाकांची इर्जिक

वादळानं आमच्या खोऱ्यात केळीचं एक झाड उभं ठेवलं नाही. छपरं गेली, रस्ता गेला आणि अर्ध्या गावानं बोटीनं दुसऱ्या बेटाची वाट धरली. उरलेल्यांनी एक गट केला आणि त्याची कटकट माझ्या गळ्यात घातली. काम एवढंच, की कुणाचं रान लागवडीवाचून पडू द्यायचं नाही. रान पडलं की मालक पुढच्या बोटीत बसतो, हे आम्ही पाहत होतो.

आमची रीत इर्जिकीची. शंख फुंकून हाक द्यायची, सगळ्यांनी कोयते-कुदळी घेऊन जायचं आणि ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. फिल्बर्टकाका म्हातारे, घरात एकटे, पण एका इर्जिकीला चुकले नाहीत. माझ्या रानात आडवा झालेला आंबा त्यांनीच तोडून दिला. मात्र त्यांच्या रानातून शंख काही वाजेना.

"काका, कधी बोलावताय?"

"बघू."

"बघू काय? कोनफळाची लागवड टळून चालली. का मुलीकडं ग्वादलूप बेटावर जायचं ठरवलंय?"

"बोलावतेय ती. जाईनही."

कारण मला ठाऊक होतं. चुलीवर चढवायला त्यांच्या घरात काही नव्हतं आणि मदतीच्या गोण्या कधीच संपल्या होत्या. मी म्हटलं, जेवण आम्ही घेऊन येतो. म्हातारा असा भडकला!

"माझ्या रानात येऊन मलाच जेवू घालणार? नीघ, ऑरेलिया. नीघ इथून!"

"बसा मग तुमचा मान कवटाळून!" म्हणत मी तरातरा निघून आले.

आणि एका सोमवारी सकाळी त्यांच्या टेकाडावरून शंख वाजला. मला इतका आनंद झाला, की धुणं तसंच टाकून मी पळाले. सगळेच आले. आमच्यातला बडबड्या ग्रेसन लांबूनच ओरडला, "काका, फुंकताना दात नाही ना पडला?" चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. त्यात काय आहे, कुठून आलं, हे कुणीच विचारलं नाही. आम्हाला भूक लागली होती.

दुपारपर्यंत आम्ही ओंडके हलवले, माती भुसभुशीत करून लागवडीसाठी उंचवटे ओढले आणि मग जेवायला बसलो. कोनफळाचा पातळ रस्सा होता. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी चिवट, कडवट आलं. मी ते बोटांनी काढून पाहिलं. कोनफळाचं डोकं होतं, कोंब खुडलेलं. खायचं कोनफळ काकांनी केव्हाच संपवलं होतं. लावायला राखलेलं बेणं त्यांनी आम्हाला शिजवून घातलं होतं.

एकेकाचा हात थांबला. काका पळी धरून आमच्या तोंडांकडे बघत उभे होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

"काका," ग्रेसन म्हणाला, "मीठ अगदी बेतशीर पडलंय. वाढा आणखी."

मग आम्ही जेवलो. पातेलं पुसून घेतलं. पानात टाकलं असतं, तर तो माणूस तिथंच खचला असता.

संध्याकाळी सगळे गेले. तयार रान रिकामं पडलं होतं आणि काका बांधावर बसले होते.

"बेणं माझ्याकडून न्या," मी म्हटलं.

"फुकट?"

"फुकट कशाला? उद्या माझ्याकडं या. वरची दरड ढासळलीय, तिथं दगड रचायचेत."

"पोरी, तुझ्याकडं आहे का तेवढं?"

"आहे की."

नव्हतं. माझ्या पोरांच्या पोटापुरतं रान लागेल, एवढंच बेणं जेमतेम होतं.

सकाळी ते कुदळ घेऊन आले आणि दरडीकडे चढू लागले. मी टोपलीतलं अर्धं बेणं त्यांच्यासाठी वेगळं काढलं. त्या वर्षी त्यांचं निम्मं रान लागलं, आणि माझंही निम्मंच.